डॉक्टर होणाऱ्यांनी खाडा शिकावा

अमेरिकेत डॉक्टर-नर्स होणाऱ्या विद्यार्थ्यांना गरिबी समजावी म्हणून एक खेळ घेतात. विद्यार्थी गरीब कुटुंबातील माणसे होतात. पंधरा मिनिटांचा एक आठवडा, असे चार आठवडे. तेवढ्यात मजुरी, भाडे, किराणा, मुलांची शाळा सांभाळायची. पैसा पुरत नाही आणि दवाखाना मागे पडतो. रोगी वेळेवर का येत नाही, हे तेथे कळते.

आपल्याकडे २०२२ पासून एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्यांनी गावातील कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या भेटी घ्यायच्या आहेत. चांगली गोष्ट आहे. पण परळी, अंबाजोगाईच्या खेड्यांत विद्यार्थी दिवाळीनंतर गेला, तर ऊसतोड्याच्या घराला कुलूप! नवरा-बायको मिळून एक कोयता. डोक्यावर मुकादमाची उचल. एक दिवस खाडा झाला की दंड. मग बाई दुखणे अंगावर काढते.

२०१९ साली बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची शासकीय पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली!

म्हणून असा खेळ आपल्या महाविद्यालयांतही व्हावा; मात्र त्यात मुकादम, उचल आणि खाडा असावा. तो शिकवायला परदेशी तज्ज्ञ नको. आपली मुले-मुली आज नर्सिंगला, डॉक्टरकीला जात आहेत. आईबापाचे कष्ट त्यांनी वर्गात न लाजता सांगावेत. मग 'आधी का आली नाहीस?' म्हणून बाईवर खेकसण्याऐवजी डॉक्टर विचारतील, 'बाई, खाड्याचे किती कापतात?'