बाविसाव्या मिनिटाच्या मुंग्या

पलासियाजवळच्या जिममध्ये क्रॉस ट्रेनरवर चढलो की बाविसाव्या मिनिटाच्या आसपास माझ्या उजव्या पायाची दोन बोटं नाहीशी होतात. डोळ्यांना दिसतात, बुटात आहेत, पेडलबरोबर फिरतायत. पण माझी राहिलेली नसतात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा माझ्या मनात थेट पक्षाघात आला. ट्रेनर पोरगा मात्र निवांत होता. "अंकल, पैर सो गया? फीते ढीले करो," म्हणाला आणि डंबेल्सकडे निघून गेला. (इंदुरात 'भिया'चं 'अंकल' कधी होतं ते कळत नाही. एका सकाळी झालेलं असतं.)

इथल्या हिंदीत पाय झोपतो. घरी, आमच्या मराठीत, त्याच पायाला मुंग्या येतात. गंमत अशी की जर्मनांच्या पायांवरही मुंग्याच चालतात, आणि फ्रेंचांच्या नि स्पॅनिश लोकांच्याही. इंग्रजांना तेवढ्या टाचण्या नि सुया टोचतात. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पिकत आलेल्या सुजेचं वर्णन आहे. तिथे सुयाही आहेत आणि चावणाऱ्या, अंगावर फिरणाऱ्या मुंग्याही. एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना एकच किडा सुचला, तो का?

आधी यंत्राकडे बघू. शेजारच्या ट्रेडमिलवर धापा टाकत चालणाऱ्यांना हा त्रास क्वचित होतो. चालताना प्रत्येक पाऊल साधारण साठ टक्के वेळ जमिनीवर आणि चाळीस टक्के वेळ हवेत असतं. म्हणजे अर्ध्या तासाच्या चालण्यात एकेका पावलाला बारा मिनिटं सुट्टी मिळते, पाव-अर्ध्या सेकंदाच्या तुकड्यांनी. क्रॉस ट्रेनरवर ही सुट्टी शून्य. भार या पायावरून त्या पायावर जातो, पण तळवा पेडलवरून उठतच नाही. गुडघ्यांना हादरा बसू नये म्हणून ही रचना केली, आणि ती गुडघ्यांना खरोखर मानवते. किंमत तळव्याने भरायची. त्यात आपण हँडल धरून पुढे झुकतो, टाच हलकी होते, सगळा भार चवड्यावर येतो, आणि बोटं नकळत बुटाला आतून धरून बसतात. व्यायामाने पाऊल थोडं सुजतं. बूट काही वाढत नाही.

आता तळव्याच्या आत. बोटांना संवेदना देणारे मज्जातंतू चवड्याच्या लांबट हाडांच्या मधून, त्या हाडांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्याखालून बोटांकडे जातात. मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यामधल्या तंतूला बहुधा दोन वेगवेगळ्या शाखा येऊन मिळतात. तो जास्त चिमटतो, का यावर बरेच तर्क आहेत. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये इथल्याच दुखण्याचं वर्णन केलं, आणि वर्षानुवर्षं दाब सोसून तिथे जो जाडपणा येतो त्याला आजही त्यांचंच नाव आहे. अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांच्यातली खाच बधिर होत असेल तर मात्र संशय वरच्या बाजूला घ्यावा: तिथला तंतू पावलाच्या पाठीवरून, नेमका लेसच्या गाठीखालून जातो. माझी जागा पहिली. त्यामुळे पोराचा सल्ला अर्धा बरोबर निघाला. लेस सैल करायची होती, पण वरची नव्हे, बोटांकडची.

दाबाने तंतू चेपतो, त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. प्रत्येक तंतूच्या पडद्यावर लाखो पंप अखंड चालू असतात: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये हा पंप दाखवून दिला आणि ४० वर्षांनी त्यांना नोबेल मिळालं. पंपाला इंधन लागतं, इंधनाला प्राणवायू. तो तुटला की तोल ढळतो आणि निरोप थांबतात. सगळे एकदम थांबत नाहीत. १९३१ मध्ये लंडनला थॉमस लुईस आणि सहकाऱ्यांनी रक्तपुरवठा अडवून पाहिलं: स्पर्श आधी जातो, वेदना आणि ऊब बऱ्याच उशिरा. माझ्या बुटात म्हणूनच असं होतं की बोटाला बूट लागत नाही, पण आग मात्र कळते.

खरी मजा यंत्रावरून उतरल्यावर. रक्त परत येतं, तंतू जागे होतात आणि सावरता सावरता कुणी न सांगता आपापले पेटू लागतात. कुणी आत्ता, कुणी क्षणभराने, इकडे एक, तिकडे एक. मेंदूला पोचतं ते एवढंच: त्वचेवर असंख्य बारीक स्पर्श होतायत आणि ते जागा बदलतायत. असं काय असू शकतं जगात? मेंदूने मुंग्या म्हटलं तर त्याचं काय चुकलं!

या तंतूंची लांबी कळली तेव्हापासून मी माझ्या पायांशी जरा अदबीने वागतो. अंगठ्याच्या टोकाचा स्पर्श सांगणारी पेशी अंगठ्यात नसते. तिचं घर कमरेत, मेरुदंडालगतच्या गाठीत असतं. घर फार तर एक दशांश मिलिमीटरचं, तिथून निघालेला धागा जवळजवळ एक मीटर, आणि तो एकाच पेशीचा. हे घर पाच सेंटिमीटरचा लाडू मानलं, तर राजवाड्याच्या दारात ठेवलेल्या लाडवातून दोरीएवढा धागा निघून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांच्या दिशेने अर्धा किलोमीटर जाईल.

टोकाला लागणारा बराचसा माल कमरेतून पाठवावा लागतो. त्याचे हमाल म्हणजे कायनेसिन नावाची प्रथिनं. १९८५ मध्ये ती सापडली माकुळाच्या जाड मज्जातंतूत (आम्ही माळव्यातली माणसं, माकूळ ताटातसुद्धा पाहिलेला नाही). या प्रथिनाला दोन पाय असतात. एक रुळावर रोवायचा, दुसरा उचलून पुढे टाकायचा. पाऊल आठ नॅनोमीटरचं. कंबर ते अंगठा म्हणजे साडेबारा कोटी पावलं, असंख्य हमालांनी मिळून टाकलेली. जलद माल दिवसाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकतो, अडीच दिवसांत पोचतो. धाग्याचा सांगाडा घडवणारी सामग्री जेमतेम मिलिमीटरभर सरकते. तिला जवळपास तीन वर्षं लागतात.

एवढ्या लांबचा संसार सांभाळायचा म्हटल्यावर मधुमेहात सर्वांत लांब तंतू सर्वांत आधी का ढासळतात हेही उमगतं. बधिरपणा दोन्ही पायांच्या बोटांत सुरू होतो आणि मोज्यासारखा वर चढतो. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून डॉक्टर तो तपासतात. मिनिटाचं काम आहे. यंत्रावर येऊन उतरल्यावर पाचेक मिनिटांत जाणाऱ्या मुंग्या वेगळ्या. बसल्या जागी येणाऱ्या, रात्री उठवणाऱ्या, दोन्ही पायांना सारख्या किंवा पाऊल लुळं पाडणाऱ्या मुंग्या वेगळ्या. त्या ट्रेनरला नव्हे, डॉक्टरला दाखवायच्या.

मी आता टाच पेडलवर टेकवून ठेवतो आणि दर सात-आठ मिनिटांनी यंत्र थांबवून बोटं हलवतो. नवे बूट संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घेतले, पुढे अंगठाभर जागा सोडून. बाविसावं मिनिट आता गुपचूप निघून जातं.

आज मंगळवार. सकाळी सातला मी यंत्रावरून उतरलो, छप्पन दुकानवर पोहे-जलेबी खाल्ली. त्या वेळी कमरेतून निघालेलं जलद गाठोडं गुरुवारी संध्याकाळी अंगठ्याशी उतरेल. मी तेव्हा बहुधा सराफ्याच्या खाऊगल्लीकडे निघालेला असेन.