विकण्याआधी घड्याळ दुरुस्त करावं का?

वागळे इस्टेटमध्ये, अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा रेल्वेत नोकरी केलेल्या पिढीच्या ठाणे-डोंबिवलीतल्या घरांत एखादं तरी जुनं एचएमटी सापडतं, बरेचदा बंद. घर बदलताना ते हाती लागतं, विकायचं ठरतं आणि कुणीतरी सुचवतं, ‘आधी चालू करून घ्या, चार पैसे जास्त येतील.’ सेलच्या घड्याळापुरता हा सल्ला ठीक आहे. चावीच्या घड्याळाचं मात्र त्याने पुष्कळदा नुकसान होतं.

सेलच्या घड्याळात फार विचार नको. नवा सेल टाकून बघावा. काटे हलले तर गिऱ्हाइकाला चालू घड्याळ दाखवता येतं; नाही हलले तर पुढचा खर्च करू नये, कारण साध्या घड्याळात दुरुस्तीपेक्षा नवं मशीन बसवणंच सोपं पडतं आणि ते घेणाराही करू शकतो. संपलेला सेल मात्र आत ठेवू नये. तो गळला की सर्किट खातो.

चावीच्या घड्याळाची गोष्ट वेगळी. एचएमटीने 1961 मध्ये बंगळुरूत जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कांचन ही नावं त्यानंतर घरोघरी पोचली. जानेवारी 2016 मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. आज ही घड्याळं शोधणाऱ्यांत संग्राहकही आहेत, आणि संग्राहक आधी बघतो डायल.

आपल्याकडच्या दमट हवेत जुन्या डायलवर ठिपके पडतात, आकडे फिकट होतात. विकण्यापूर्वी ती नव्याने रंगवून घेण्याचा मोह होतो. भडक रंगाच्या डायली आणि इकडचे-तिकडचे भाग जोडलेल्या अशा घड्याळांना संग्राहकांनी ‘मुंबई स्पेशल’ असं नाव ठेवलं आहे. ते कौतुकाचं नाही. कारखान्यातली मूळ छपाई एकदा खरवडली की परत येत नाही, म्हणून ठिपक्यांची का होईना, मूळ डायल जपलीच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. केसला जोरात पॉलिश मारून कडा बोथट करणं हेही तसंच.

मशीनचं काय? जनतामध्ये 17 ज्वेल्सचं मशीन असतं, तासाला 18,000 ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. तेल सुकलं असताना घड्याळ रेटून चालवलं तर चाकांच्या दांड्या झिजतात. बिघाडाचा अंदाज घरीही घेता येतो. चावी कितीही फिरवली तरी घट्ट होत नसेल तर बहुधा स्प्रिंग तुटली आहे. घट्ट असूनही काटे ढिम्म असतील तर तेल सुकलं असेल किंवा बॅलन्स व्हीलची दांडी मोडली असेल. सर्व्हिसिंग म्हणजे सगळं मशीन सुटं करून धुणं आणि ठरल्या जागी तेल देणं. वरून एक थेंब सोडला की सर्व्हिसिंग झालं असं नाही.

मग हिशेब. समजा, बंद घड्याळाला 800 रुपये येताहेत, चालू झाल्यावर 1400 येतील आणि कारागीर 700 मागतो. शंभर रुपये पदरचे गेले, धावपळ वेगळी. घेणारा रोज मनगटावर बांधणार असेल आणि सर्व्हिसिंग या फरकापेक्षा बरंच स्वस्त पडत असेल, तर जरूर करावं. महागड्या स्विस घड्याळाला मात्र आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी अंदाज घ्यावा; तो कागद गिऱ्हाइकालाही दाखवता येतो.

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या स्टेशन परिसरात छोट्या काचेच्या पेटीमागे बसणारे घड्याळ दुरुस्तीवाले अजून आहेत. त्यांच्याकडून मागचं झाकण फक्त आपल्यासमोर उघडून घ्यावं, मशीनचा आणि डायलचा फोटो काढावा आणि बिघाड न लपवता गिऱ्हाइकाला सांगावा. दुरुस्त न होणाऱ्या एचएमटीलाही गिऱ्हाईक मिळतं, कारण अशाच घड्याळातून काढलेली बॅलन्स व्हील दुसऱ्या बंद घड्याळाच्या कामी येते.