कोलॅजेन तोडणाऱ्याचा माग

बेडूकमाशाचें शेपूट गळून पडत नाहीं; तें जागच्या जागीं जिरतें. त्यांतील कोलॅजेन, म्हणजे कातडी, हाडें व स्नायुबंध यांना बळकटी देणारें चिवट द्रव्य, कोण तोडतें याचा उलगडा जेरोम ग्रॉस व चार्ल्स लापिएर यांनीं १९६२ सालीं केला. हें एन्झाइम म्हणजेच कोलॅजेनेज. माणसाच्या शरीरांतहि त्याचे भाऊबंद आहेत. जखम भरतांना ते उपकारक. संधिवातांत मात्र तेच सांध्यांतील कूर्चा कुरतडतात.

सशाला हें एन्झाइम टोचलें म्हणजे त्याच्या रक्तांत नेमकें त्यालाच चिकटणारें प्रतिपिंड तयार होतें. त्याला रंगाची जोड दिली कीं सांध्याच्या पातळ कापांत एन्झाइमची जागा सूक्ष्मदर्शकाखालीं दिसते.

येथेंच फसगत संभवते. पेशी हें एन्झाइम म्यानांतल्या सुरीप्रमाणें निष्क्रिय रूपांत सोडते. त्याचा एक तुकडा छाटला गेला कीं मगच तें कापूं लागतें. पुष्कळशीं प्रतिपिंडें झांकलेली व उघडी, दोन्ही सुऱ्या सारख्याच ओळखतात. तेव्हां नुसता रंग दिसल्यानें सांधा झिजत आहे असें ठरत नाहीं. सुदैवानें हें एन्झाइम कोलॅजेनचा रेणु ठरलेल्या जागींच, पाऊण व पाव अशा भागांत, तोडतें. त्या ताज्या टोकालाच चिकटणारें निराळें प्रतिपिंड झालेल्या नुकसानीची साक्ष देतें.