दीर्घकालीन शुश्रूषागृहांतील रहिवाशांचे धूम्रपान : निवड, धोका आणि देखरेख

प्रस्तावना

वार्धक्य, अपंगत्व किंवा दीर्घ आजार यांमुळे ज्यांना स्वतःच्या घरी राहणे अशक्य होते, अशा व्यक्तींच्या कायम निवासाच्या संस्था पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर उभ्या राहिल्या. अमेरिकेत या संस्थांना ‘नर्सिंग होम’ असे म्हणतात व त्यांची संख्या सुमारे १५ हजार आहे. आपल्याकडे या शब्दाने छोटे खाजगी रुग्णालय सूचित होत असल्यामुळे प्रस्तुत लेखात त्यांचा उल्लेख ‘शुश्रूषागृह’ असा केला असून तेथे राहणाऱ्यास ‘रुग्ण’ न म्हणता ‘रहिवासी’ म्हटले आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. रुग्ण बरा होऊन घरी जातो. रहिवाशाचे मात्र तेच घर असते. रुग्णालयात आठ दिवस सिगारेट ओढू नका असे सांगणे आणि माणसाला त्याच्या घरातच उर्वरित आयुष्याकरिता तसे बजावणे, या दोहोंतील अंतरातूनच या विषयातील बहुतेक प्रश्न उद्भवतात.

प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या घरात शेजारच्या खाटेवर असा मनुष्य असतो, की जो आग लागल्यास उठून पळू शकत नाही. त्यामुळे एकाच्या हातातील पेटती काडी ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही.

आगीची पार्श्वभूमी

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड येथील एका शुश्रूषागृहात २६ फेब्रुवारी २००३ रोजी पहाटेच्या सुमारास आग लागली. एका रहिवाशाच्या हातातील सिगारेट-लायटरने अंथरूण पेटल्याचे या घटनेत आढळून आले. सोळा रहिवाशांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे दुसऱ्या शुश्रूषागृहास आग लागली व दोन्ही घटनांतील मृतांची संख्या ३१ वर गेली. दोन्ही इमारतींत स्वयंचलित जलफवारे नव्हते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००४ मध्ये या आगींच्या अनुषंगाने अग्निसुरक्षेच्या देखरेखीतील उणिवांवर अहवाल दिला. २००८ मध्ये नियम होऊन १३ ऑगस्ट २०१३ पर्यंत सर्व शुश्रूषागृहांत जलफवारे बसविणे बंधनकारक झाले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जलफवाऱ्यामुळे खोलीतील आग पसरत नाही आणि शेजारच्यांचे प्राण वाचतात. परंतु ज्याच्या मांडीवर निखारा पडला त्याचा जीव त्यामुळे वाचेलच असे नाही. छतावरील फवारा उष्णतेने उघडतो, आणि तो उघडेपर्यंत अंगावरील कपडा जळून गेलेला असतो. म्हणून इमारतीची सुरक्षितता आणि धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीची सुरक्षितता हे दोन स्वतंत्र विषय मानावे लागतात. पहिला विषय अभियंत्यांचा आहे. दुसरा परिचारिकेचा आहे, आणि दुर्लक्ष बहुधा दुसऱ्याकडे होते.

धुमसणाऱ्या आगीचे स्वरूपही या ठिकाणी समजून घेणे आवश्यक आहे. सिगारेटचे थोटूक गादीच्या फटीत किंवा कागदाने भरलेल्या कचरापेटीत पडले तर लगेच ज्वाला उठत नाही. कापूस तासन्‌तास धुमसत राहतो, कार्बन मोनॉक्साइड साचत जातो आणि ज्वाला उठेपर्यंत झोपलेली व्यक्ती बेशुद्ध झालेली असू शकते. संध्याकाळी पडलेल्या थोटकाची आग मध्यरात्री, म्हणजे कर्मचारी सर्वांत कमी असताना, दिसू लागते ती यामुळेच. अमेरिकेतील ‘जीवसुरक्षा संहिते’ने धूम्रपानाच्या प्रत्येक जागी न जळणाऱ्या पदार्थाची रक्षापात्रे ठेवण्याची आणि ती रिकामी करण्यासाठी आपोआप झाकण बंद होणारे धातूचे डबे जवळ असण्याची सक्ती केली आहे, ती या कारणास्तव. झाकणाचा डबा ही वरवर क्षुल्लक वाटणारी वस्तू आहे. तपासणीत मात्र पहिल्यांदा तीच पाहिली जाते, आणि ते योग्यच होय.

नियमांची चौकट

अमेरिकेत १९८७ च्या शुश्रूषागृह सुधारणा कायद्याने रहिवाशाच्या हक्कांना संघराज्याच्या पातळीवर मान्यता दिली. त्याचबरोबर अपघाताचे धोके शक्य तितके दूर ठेवणे व प्रत्येक रहिवाशास पुरेशी देखरेख पुरविणे हेही संस्थेचे कर्तव्य ठरले. २०१६ च्या सुधारित नियमावलीत धूम्रपान, धूम्रपानाच्या जागा व त्यासंबंधीची सुरक्षितता यांविषयी लेखी धोरण असावे आणि त्यात धूम्रपान न करणाऱ्यांचाही विचार व्हावा, असे स्पष्टपणे नमूद झाले. तत्पूर्वी नोव्हेंबर २०११ मध्ये संबंधित केंद्रीय यंत्रणेने या विषयावर राज्यांच्या तपासणी पथकांना स्वतंत्र सूचनापत्र पाठविले होते.

संस्थेला संपूर्ण बंदी घालता येते का? येते; मात्र बंदीपूर्वीपासून राहणाऱ्या व धूम्रपान करणाऱ्या रहिवाशांना योग्य जागी ते चालू ठेवू द्यावे लागते, आणि नव्याने येणाऱ्यास प्रवेशाच्या वेळीच बंदीची कल्पना द्यावी लागते. या तरतुदीमागील न्याय साधा आहे. ज्याने एका अटीवर घर स्वीकारले, त्याच्यावर तो घर सोडू शकत नसताना दुसरी अट लादता येत नाही.

इंग्लंडने वेगळा मार्ग घेतला. १ जुलै २००७ पासून तेथे बंदिस्त सार्वजनिक जागी व कामाच्या ठिकाणी धूम्रपानास मनाई झाली. परंतु निवासी शुश्रूषागृहांना ठराविक खोल्या धूम्रपानासाठी निश्चित करण्याची मुभा मिळाली. अशा खोलीच्या भिंती जमिनीपासून छतापर्यंत भरीव असाव्यात, तिची हवा इमारतीच्या अन्य भागांत जाऊ नये आणि तिच्यावर स्पष्ट फलक असावा, अशा अटी होत्या. मनोरुग्णालयांना ही सवलत केवळ एक वर्षापुरती, १ जुलै २००८ पर्यंत मिळाली. त्याविरुद्ध रॅम्प्टन या अतिसुरक्षित मनोरुग्णालयातील रुग्णांनी खाजगी जीवनाच्या हक्काचा आधार घेऊन दाद मागितली. २००९ मध्ये अपील न्यायालयाने बहुमताने ती फेटाळली. अशा संस्थेतील जीवन आणि स्वतःच्या घरातील जीवन यांना एकच माप लावता येत नाही, हा त्या निर्णयाचा आशय होता. निकाल मनोरुग्णालयापुरता असला तरी वृद्धांच्या निवासास ‘घर’ कितपत म्हणावे, हा प्रश्न त्यामुळे अधिक टोकदार होतो.

व्यक्तीचे मूल्यमापन

वरील चौकटीत प्रत्यक्ष काम सुरू होते ते व्यक्तीच्या मूल्यमापनापासून. प्रवेशाच्या वेळी रहिवासी धूम्रपान करतो की नाही एवढेच विचारून भागत नाही. त्याने प्रत्यक्ष एक सिगारेट ओढताना त्याच्याकडे पाहावे लागते. काडी पेटवून विझविता येते का, राख रक्षापात्रात पडते की मांडीवर, निखारा बोटाजवळ आल्याचे जाणवते का, थोटूक कोठे जाते, हे पाहून जे कळते ते कोणत्याही छापील अर्जातून कळत नाही. अर्धांगवायू, कंपवात, मोतीबिंदू, मधुमेहामुळे बोटांची गेलेली संवेदना, झोपेची औषधे यांपैकी प्रत्येक गोष्ट धोका वाढविते. सर्वांत बोलका पुरावा कपड्यांवर असतो. सदऱ्यावर किंवा चादरीवर जळल्याची लहान छिद्रे दिसली, तर धोक्याची सूचना आधीच मिळालेली असते. धुलाई करणाऱ्या सेवकाला ही छिद्रे परिचारिकेच्या आधी दिसतात. परंतु त्याला कोणी विचारीत नाही.

मूल्यमापन एकदाच करून चालत नाही. स्मृतिभ्रंशाचा रहिवासी जानेवारीत स्वतंत्रपणे धूम्रपान करू शकत असेल, तर जूनमध्ये तसे असेलच असे नाही. पडणे, नवे औषध किंवा रुग्णालयातून परत येणे यांपैकी काहीही घडल्यास फेरतपासणी अपेक्षित आहे. निष्कर्षानुसार काहींना स्वतंत्रपणे परवानगी मिळते. काहींना ठराविक वेळी कर्मचाऱ्याच्या समक्ष, अग्निरोधक ॲप्रन घालून. ॲप्रनवर अतिविश्वास ठेवू नये, कारण तो मांडी व छाती झाकतो, बाह्या व केस नव्हे. संहितेनुसार स्वतःची जबाबदारी घेऊ न शकणाऱ्या व्यक्तीस धूम्रपानाची मनाई आहे, परंतु थेट देखरेख असल्यास ही मनाई लागू होत नाही. म्हणजे सगळा भार अखेर मनुष्यबळावर येतो. कर्मचारी न पुरल्याने ‘ठराविक वेळ’ टळू लागली की रहिवासी स्वतःची सोय स्वतः करतो.

प्राणवायू, मलम आणि गादी

हवेत प्राणवायूचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते थोडेही वाढले तरी कापड, केस व त्वचेवरील तेल सहज पेट घेतात आणि वेगाने जळतात. नाकातील नळीतून प्राणवायू घेणाऱ्या व्यक्तीच्या कपड्यांत तो मुरलेला असतो. नळी काढून लगेच सिगारेट पेटविल्यास चेहरा भाजण्याचा धोका असतो. म्हणूनच प्राणवायू वापरल्या वा साठविल्या जाणाऱ्या खोलीत धूम्रपान पूर्णतः निषिद्ध असते.

त्वचेच्या मलमांचा धोका बराच काळ दुर्लक्षित होता. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने डिसेंबर २०१८ मध्ये असा इशारा दिला, की पॅराफिनयुक्तच नव्हे तर पॅराफिनविरहित स्निग्ध मलमेही कपड्यांत व चादरींत मुरतात व असे कापड अधिक सहज पेट घेते. साध्या धुण्याने ती पूर्णपणे निघत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या कोरड्या त्वचेला रोज व्हॅसलीन लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शय्याव्रण टाळण्यासाठी वापरली जाणारी, पंपाने फुगणारी हवेची गादीही अशीच फसवी आहे. निखाऱ्याने तिला छिद्र पडले, तर पंप हवा पुरवीत राहतो आणि तीच हवा आगीला मिळते.

संपूर्ण बंदीचा मोह

व्यवस्थापनाच्या दृष्टीने बंदी हा सर्वांत सोपा उपाय. परंतु धूम्रपान थांबले आणि धूम्रपान दिसेनासे झाले, या दोन भिन्न अवस्था आहेत. उघड्या अंगणात, रक्षापात्राजवळ ओढली जाणारी सिगारेट बंदीनंतर स्वच्छतागृहात किंवा पांघरुणाखाली जाते आणि पावलांची चाहूल लागताच अर्धवट विझवून खिशात कोंबली जाते. बंदी करावयाची असल्यास काडेपेटी कोठे जाते याचा शोध घेण्याची तयारी आधी हवी.

याशिवाय औषधांचा प्रश्न आहे. सिगारेटच्या धुरातील काही घटक यकृतातील एका विकराची क्रियाशीलता वाढवितात, त्यामुळे थिओफायलिन, क्लोझापिन, ओलांझापिन ही औषधे शरीरातून लवकर बाहेर पडतात. धूम्रपान अचानक थांबले की त्याच मात्रेत औषधाची रक्तातील पातळी वाढू लागते. हा परिणाम धुराचा असून निकोटिनचा नसल्याने निकोटिनच्या पट्टीने तो टळत नाही. श्वासाच्या विकारावर थिओफायलिन घेणाऱ्या वृद्धाला प्रवेशानंतर आठवड्याभरात मळमळ व धडधड सुरू झाली, तर ती ‘नव्या जागेची अस्वस्थता’ समजली जाण्याची शक्यता मोठी. वृद्धापकाळीही धूम्रपान सोडणे हितकारकच आहे. मात्र ते वैद्याच्या नजरेखाली व रहिवाशाच्या संमतीने व्हावे.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने सार्वजनिक स्थळी धूम्रपानास मनाई केली व २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झालेल्या नियमांनी कामाच्या ठिकाणांचाही त्यात समावेश केला. वृद्धाश्रम हे तेथील सेवकांचे कामाचे ठिकाण आहे. तेव्हा इमारतीच्या आत धूम्रपानास वाव नाही, असाच अर्थ घेणे सुरक्षित. २००७ च्या माता-पिता व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची कल्पना आहे. धूम्रपानाचा उल्लेख त्या कायद्यात नाही. व्यक्तिगत मूल्यमापनाची जी पद्धत अमेरिकेत नियमाने रुजली, ती येथे संस्थाचालकांच्या जाणतेपणावर अवलंबून आहे.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूचे २४.४ टक्के होते. मिश्री व तंबाखू-चुना यांनी आग लागत नाही, एवढ्यापुरता येथील प्रश्न लहान आहे. परंतु जे ओढतात त्यांत विडी ओढणारे वृद्ध आहेत, आणि विडीचे वर्तन सिगारेटपेक्षा वेगळे असते. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, म्हणून झुरके थांबले की विडी विझते. न ओढल्यास विझणारी सिगारेट २००४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायद्याने आणली आणि २०११ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत ती सक्तीची झाली. विडीत हा गुण जात्याच आहे. पण विझलेली विडी पुन्हा पेटवावी लागते. एका विडीला तीन-चार काड्या लागतात, आणि थरथरत्या हातातील प्रत्येक काडी ही नवी उघडी ज्योत असते. त्यामुळे येथील वृद्धाश्रमात देखरेखीचा केंद्रबिंदू थोटकापेक्षा काडेपेटीवर असावा : ती कोणाकडे राहते, काडी कोण पेटवितो, आणि रात्रपाळीचा एकमेव सेवक दुसऱ्या मजल्यावर असताना ती कोणाच्या उशाखाली असते.