पळताना कुशीत कळ का येते?

कोल्हापूरच्या कळंबा तलावावर पहाटे पळणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंही असतात. १६०० मीटरची वेळ गाठायची आणि मधेच बरगडीखाली, बहुतेकदा उजवीकडे, कळ! ही कळ तरुणांना जास्त येते.

डायाफ्रामला, म्हणजे श्वासपटलाला, रक्त कमी पडतं, हे कारण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. पण घोडेस्वारांनाही ही कळ येते आणि त्यांना एवढी धाप लागत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियातले डॅरेन मॉर्टन आणि रॉबिन कॅलिस्टर हे संशोधक वेगळं कारण मांडतात: पोटाच्या भिंतीला आतून असलेलं पातळ आवरण घासून चुरचुरतं. मला हेच पटतं. पोट भरलेलं असताना त्रास वाढतो आणि काहींच्या खांद्याच्या टोकालाही दुखतं, हे त्याच्याशी जुळतं. अंतिम उत्तर मात्र अजून मिळालेलं नाही.

पळण्याआधी दोन तास भरपेट खाणं नको. ग्लासभर दूध किंवा उसाचा रस पिऊन तर पळूच नका. गोड पेयांनी कळ उठण्याची शक्यता वाढते. पाणी घोटाघोटानं प्या. पाठीला पोक काढू नका, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम चुकवू नका.

कळ आलीच तर वेग कमी करा, पुढे वाका, दुखतं तिथं बोटांनी दाबा, खोल श्वास घ्या. बहुधा थोड्या वेळात थांबते. पण पळणं थांबवल्यावरही दुखत राहिलं किंवा छातीत दुखलं, तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरांकडे जा.