बेसवाला नसलेले त्रिकूट

ब्लूज-रॉकच्या त्रिकुटात गिटार, बेस आणि ड्रम एवढाच संसार असतो. गिटारवादक सोलो वाजवू लागला की त्याच्यामागे कॉर्ड धरून ठेवणारे दुसरे कोणी उरत नाही. ती पोकळी बेस आणि ड्रम यांनी भरायची असते. कॅनडात हा प्रकार चांगला रुजला. मॉन्ट्रियलचे फ्रँक मरिनो, टोरंटोच्या ‘ट्रायम्फ’मधले रिक एमेट आणि तिथेच १९८५ साली आपले त्रिकूट उभे करणारे, गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवणारे दृष्टिहीन जेफ हीली हे सगळे याच घराण्याचे म्हणता येतील.

२००८ साली ओटावात ‘मंकीजंक’ जमले, तेव्हा गिटारवादक टोनी डी हे त्या शहरात स्वतःचा बँड चालवून मुरलेले होते. सोबत त्यांच्याहून बरेच तरुण गायक आणि माउथऑर्गनवादक स्टीव्ह मॅरिनर आणि ड्रमर मॅट सॉब. उथळ गाण्यांना मिसिसिपीचे जुने गायक सन हाउस ‘मंकी जंक’ म्हणत. बँडने नाव तिथूनच उचलले. तिघांनी बेसवाला मात्र घेतला नाही. याला पूर्वाधार होता. शिकागोचे हाउंड डॉग टेलर दोन गिटार आणि ड्रम एवढ्यावरच मैफल पेटवत.

बेसची जागा इथे मॅरिनर यांची बॅरिटोन गिटार घेते. साध्या गिटारची सर्वांत जाड तार ‘सा’ धरली, तर बेसची जाड तार त्याच्या खालच्या सप्तकातला ‘सा’ होते. बॅरिटोनची तार बहुधा या दोन्हींच्या मधल्या ‘प’वर येते. तारा जाड असतात आणि त्यांची वाजती लांबी नेहमीच्या साधारण २५ इंचांऐवजी २७ इंच किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे आवाज खोल लागतो, पण बेससारखा गोल न राहता त्याला गिटारची किंचित खरखर असते. या बँडचा खरा रंग त्या खरखरीत आहे.

तरुण सोबत्याच्या हाती खालचा स्वर सोपवायचा, हे मुरलेल्या गिटारवादकाला सोपे नसते. ब्लूजचे प्रचलित चक्र १२ मात्राखंडांचे, प्रत्येकात ४ मात्रा, म्हणजे एकूण ४८. मराठी कानाला ती तीनतालाची ३ आवर्तने. पहिले आवर्तन ‘सा’वर मुक्काम करते, दुसरे ‘म’वर जाऊन परतते, तिसऱ्यात ‘प’ येतो आणि ‘म’वरून घरी उतरतो. त्या ४८ मात्रांत सोलोने कितीही भटकावे, नवव्या खंडाच्या पहिल्या मात्रेला मात्र खालचा ‘प’ कोणीतरी ठामपणे द्यावाच लागतो. तो निसटला की ऐकणाऱ्याच्या पायाचा ठेका चुकतो.

मॅरिनर दोन्ही हातांत माउथऑर्गन घेतात, तेव्हा पेच आणखी वाढतो. बॅरिटोनला हातच उरत नाहीत. अशा वेळी सगळा भार ड्रमरच्या उजव्या पायाखालच्या मोठ्या ढोलावर आणि गिटारच्या जाड तारांवर येतो. अनुभवी गिटारवादकाची किंमत इथे कळते. वरच्या पट्टीत धावण्याचा मोह सोडून त्याला खाली उतरावे लागते, दोन-तीन स्वरांवर तोच तुकडा पुन्हा पुन्हा आणि तितक्याच जोराने वाजवावा लागतो. दाद माउथऑर्गनला मिळते आणि ४८ मात्रा उभ्या राहतात या तुकड्यावर.

सरावाचा बराचसा वेळ म्हणूनच काय वाजवायचे नाही, हे ठरवण्यात जातो. मोठ्या ढोलाचा ठोका आणि बॅरिटोनचा स्वर एकाच क्षणी पडले, तर दोन्ही मिळून बेससारखे ऐकू येतात. केसभर मागेपुढे झाले की दोन वेगळे आवाज होतात आणि मधली रिकामी जागा उघडी पडते. २०११ साली आलेल्या ‘टू बिहोल्ड’ या त्यांच्या अल्बमला पुढच्या वर्षी कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला, ब्लूज विभागातला. बेसवाल्याची जागा तेव्हाही रिकामीच होती.