उणे पन्नास टक्के पाणी

टेंभुर्णीहून पुण्याच्या दिशेने महामार्गाने निघाले, की थोड्याच वेळात भीमानगरपाशी उजनी धरण लागते. परिसरातील उसाचे आणि सोलापूरच्या नळांचे काय होणार, हे ज्या आकड्यावरून लोक ताडतात तो वर्तमानपत्रात टक्क्यांनी छापून येतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. विद्यार्थी हमखास विचारतात : पाणी शून्यापेक्षा कमी कसे असेल? हा प्रश्न टाळू नये. रेषीय समीकरणाचा पाठ येथूनच सुरू करावा.

उजनीची एकूण साठवणक्षमता ११७.२३ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. त्यातला तळाचा ६३.६६ टीएमसी हा मृत साठा आणि त्यावरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. छापून येणारे टक्के केवळ उपयुक्त साठ्याचे असतात. टक्के आडव्या अक्षावर (क्ष) आणि एकूण पाणी उभ्या अक्षावर (य) घेतले, तर

य = ०.५३५७ क्ष + ६३.६६

यातील ०.५३५७ हा रेषेचा चढ. एक टक्का वाढला की धरणात अर्ध्या टीएमसीहून थोडे अधिक पाणी येते. पाठ्यपुस्तकातल्या चढाला बहुधा एकक नसते, म्हणून मुलांना चढ म्हणजे नुसता तिरकेपणा वाटतो. येथे त्याचे एकक ‘दर टक्क्यास टीएमसी’ असे आहे, ते फळ्यावर जरूर लिहावे. ६३.६६ हा अंतःखंड : क्ष शून्य असताना धरणात असलेले पाणी. म्हणजे ‘शून्य टक्के’ असताना निम्म्याहून अधिक पाणी शिल्लकच असते!

आता उणे पन्नास घालून पाहा. ६३.६६ मधून २६.७९ गेले, उरले सुमारे ३६.९ टीएमसी. मग धरण पूर्ण कोरडे पडले तर किती टक्के छापून येतील? वर्गातून ‘उणे शंभर’ असे उत्तर येईल. य = ० ठेवून सोडवले तर क्ष येतो उणे ११८.८! मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा आहे, त्याचा हा परिणाम.

पाण्याची पातळी घेतली की मात्र सावध राहावे. मृत साठ्याची पातळी ४९१.०३ मीटर, पूर्ण संचयाची ४९६.८३ मीटर. या ५.८ मीटरांत ५३.५७ टीएमसी मावते, म्हणजे मीटरमागे सरासरी ९.२. हीच रेषा खाली वाढवली तर मृत साठा आणखी सात मीटरांतच संपायला हवा. प्रत्यक्षात भीमेचे पात्र त्याहून बरेच खोल आहे. खाली जावे तसे जलाशयाचे क्षेत्रफळ आक्रसते, त्यामुळे पातळी आणि साठा यांचा आलेख वक्र असतो.

एक प्रश्न वर्गासाठी ठेवतो. समजा, गाळ फक्त मृत साठ्याच्या भागात बसला. वरच्या समीकरणातील कोणता आकडा बदलेल, आणि वर्तमानपत्रातील टक्क्यांवरून तो बदल कळेल का?